मामंजींची शब्दफोड

मला इंग्रजी माझ्या सासऱ्यांनी शिकवलं असं मी सांगितलं की लोकांना फार कौतुक वाटतं. त्या काळात, मुळशीसारख्या आडबाजूला, सासऱ्याने सुनेला इंग्रजी शिकवलं! मग मला पुढचं सांगावं लागतं. त्यांनी मला शिकवलं नाही. ते माझ्या नवऱ्याला शिकवत होते आणि मी दाराआड तांदूळ निवडत बसले होते. मी शिकतेय हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी दार ओढून घेतलं असतं. त्या माणसाचं मला तेव्हा कौतुक नव्हतं आणि आजही नाही.

ही महाराष्ट्र राज्य होण्याआधीची दोन-तीन वर्षं. माझं माहेर मारुंजीचं. सातवीची फायनल मी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि सतराव्या वर्षी मला पौडच्या पलीकडे, दीड कोस आत एका गावात दिलं. घरात चार माणसं. सासू, सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात म्हणायची, कारण त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती. त्या घरात सून सासऱ्यांपुढे उभी राहत नसे. ते ओसरीवर, मी माजघरात, मधे उंबरठा. त्यांनी "कोन हाय का आत?" असं विचारलं की मी बांगड्या वाजवायच्या. वाजल्या की आत कोणी आहे, एवढं त्यांना पुरे. त्यांना काही द्यायचं तर मी उंबरठ्यावर ठेवून मागे सरायचं, आणि त्यांना मला काही द्यायचं झालं तर तेही तिथेच ठेवायचे. दोन वर्षांत त्या माणसाने माझा आवाज ऐकला नव्हता. मी मुकी असते तरी त्या घराचं काही अडलं नसतं.

मामंजी खडकीला लष्कराच्या गोदामात कारकून होते. इंग्रज गेल्यावर काही वर्षांनी पेन्शन घेऊन गावी आले ते नाक वर करूनच. तिथल्या कुणा गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना त्यांना एक जुनं पुस्तक दिलं होतं. त्याची पहिली वीस-पंचवीस पानं फाटलेली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या पुस्तकात इंग्रजी शब्द सोलून, सुटे करून मांडलेले होते. मामंजींनी ते पुस्तक पाठ केलं होतं. गावात कुणाला कोर्टाचा, धरणाचा, कचेरीचा इंग्रजी कागद आला की तो माणूस चप्पल बाहेर काढून आमच्या ओसरीवर हात जोडून बसायचा. मामंजी चष्मा लावायचे आणि कागदातला सगळ्यात लांबलचक शब्द धरून त्याची फोड करायचे. समोरचा बापडा कागदात काय आहे ते विसरून यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. मला त्या वेळी फार राग यायचा. त्याला जमीन जाणार की राहणार एवढंच हवं असायचं, आणि ते त्याला सगळ्यात शेवटी, उपकार केल्यासारखं सांगितलं जायचं.

त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी शब्द म्हणजे जनावर. त्याला डोकं, धड आणि शेपूट असतं. तिन्ही वेगवेगळं करून मांडलं की अर्थ आपोआप पुढ्यात येतो, डिक्शनरी कशाला हवी? 'पोर्ट' हे धड. पोर्ट म्हणजे वाहून नेणे. त्याला 'इम' हे डोकं लावलं की आत आणणे, इम्पोर्ट. 'एक्स' लावलं की बाहेर नेणे, एक्स्पोर्ट. 'ट्रान्स' लावलं की इकडून पलीकडे नेणे, ट्रान्सपोर्ट. डोकं काढून नुसतं 'अर' हे शेपूट लावलं की पोर्टर, स्टेशनावरचा हमाल. एक धड घेऊन ते अर्ध्या तासात वीस शब्द उभे करायचे. खोटं कशाला बोलू, ऐकताना अंगावर काटा यायचा. ज्याच्या तोंडून ऐकत होते त्याच्यावर दात-ओठ खात असतानाही यायचा.

उपसर्ग, धातू, प्रत्यय हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. ते मला नंतर ट्रेनिंग कॉलेजात कळले. साहेबाच्या शब्दांचे हे तुकडे साहेबाचे नव्हतेच, त्याने ते जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून उचलले होते, हेही तिथेच कळलं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. मामंजींना ते सांगायची इच्छा झाली होती. ज्या साहेबाच्या नावाने ते आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते, तोही उसनवारीवरच होता. घरच्या मातीतले इंग्रजी शब्द, म्हणजे हाऊस, डॉग, मदर, त्यांना आवडत नसत. त्यांची फोड होत नाही. त्यांना ते "गावंढळ शब्द" म्हणायचे.

माझा नवरा मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटला होता. पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात तो मदतनीस होता आणि तिथेच खोलीवर राहायचा. मॅट्रिक झाला तर आत ऑफिसात टेबल-खुर्ची मिळणार होती. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी तो गावी आला की हात-पाय धुतल्याबरोबर मामंजी त्याला ओसरीवर बसवायचे. मधे वही. वहीच्या पानाला तीन रकाने, डोकं, धड, शेपूट. शेजारी छडी. लग्न झालेला, मिशा फुटलेला माणूस छडीखाली शब्द फोडत बसायचा. त्या वेळात आतून कांडपाचा आवाज आलेला मामंजींना चालत नसे, म्हणून मला मुसळ ठेवून तांदूळ निवडायला बसवलं होतं. सुपातला खडा टाकल्याचाही आवाज होऊ नये, एवढी शांतता त्यांना लागायची. त्यांनी माझी शिकवणी स्वतःच्या हाताने नीट बसवून दिली होती.

"इन म्हंजी?"

"आत."

"स्पेक्ट म्हंजी?"

"बघनं."

"ऑर?"

नवऱ्याने वहीत बघितलं. छडी.

"करनारा, टोणग्या! इन्स्पेक्टर. आत डोकावून बघनारा. आता रिस्पेक्ट फोड. रि म्हंजी मागं. मागं वळून पुन्यांदा बघनं. आनि सस्पेक्ट? सस म्हंजी खालनं. खालनं बघनं. म्हंजी?"

म्हणजे संशय. ते मी आत बसून मनात म्हटलं. दोन वर्षं मी त्या घरात पदराखालून बघत होते, तो शब्द मला कुणी फोडून सांगायची गरज नव्हती.

एबीसीडी मला माहेरी भावाच्या पुस्तकातून येत होती. ऐकलेला शब्द कसा लिहितात हे मी नवऱ्याच्या वहीतून बघायची. सोमवार ते शुक्रवार त्या वह्या फडताळात पडलेल्या असायच्या. दुपारी मामंजी ओसरीवर घोरायला लागले की मी वही काढायची. कुणी मला कधी हटकलं नाही. सून वही घेऊन बसली तर ती झाडून ठेवत असेल, एवढंच आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला वाटायचं. वह्यांच्या मागच्या पानांवर नवऱ्याच्या इंग्रजी सह्या असायच्या, पानंच्या पानं. कारकुनाची ओळख सहीवरून होते, असं मामंजींचं मत होतं. इंग्रजी येवो न येवो, सही झोकदार पाहिजे.

नवरा मठ्ठ नव्हता. हे मी आता सांगते, तेव्हा मान्य केलं नसतं. एकदा त्याने विचारलं, "आबा, अंडर म्हंजी खाली आनि स्टँड म्हंजी उभं ऱ्हानं. मंग खाली उभं ऱ्हायलं की समजतं कसं?" प्रश्न चांगला होता. मामंजींकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी थोबाडीत दिली. पुढे कॉलेजात मी तोच प्रश्न माझा म्हणून विचारला. तिथल्या बाईंनाही उत्तर आलं नाही, पण त्यांनी तसं सांगून टाकलं. दुसऱ्या एका शनिवारी त्याने 'इनकरेक्ट'चा अर्थ 'आत बरोबर' असा केला. इन्स्पेक्टरमधला 'इन' आतला आणि इनकरेक्टमधला 'इन' नाहीचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आत बसून आपलं आपण बसवलं. आपल्याकडे नाही का, विज्ञानातला 'वि' वेगळा आणि विफलमधला 'वि' वेगळा. त्याला मार बसत होता आणि मला समजल्याचा आनंद होत होता. तो आनंद खरा होता, हे लिहायला लाज वाटते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवाळीला मी मारुंजीला गेले तेव्हा तिथल्या गुरुजींनी वडिलांना सांगितलं की पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात फायनल पास मुलींना घेतात, राहायची सोय आहे, दोन वर्षांनी प्राथमिक शिक्षिकेची नोकरी आहे. अर्ज गुरुजींनीच भरला. पत्ता सासरचा दिला, कारण मी तिथेच असणार होते. मला पोचवायला आले तेव्हा वडिलांनी ओसरीवर गावातल्या चार माणसांदेखत मामंजींना ते सांगितलं. मामंजी हसले. "येऊ तर द्या कागद, पाव्हणं. घेतलं म्हनून कागद आला तर आमी कशाला आडवू?" चार माणसांदेखत दिलेला शब्द होता. मारुंजीच्या शेतकऱ्याच्या पोरीला पुण्याहून कागद येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून तर त्यांनी तो एवढ्या सहज दिला.

कागद एका बुधवारी आला. इंग्रजीत, टाइप केलेला. मी दाराआड उभी होते. मामंजींनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, वाचलं आणि आत बसलेल्या आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रिफ्यूज केलंया. रि म्हंजी मागं, फ्यूज म्हंजी ओतनं. मागं ओतलं. न्हाई घेतलं म्हंजी. सांगा तिला." मला खूप रडू आलं. मी माजघराच्या कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून रडले. दिवाळीपासून त्या घरात मी ज्या आशेवर जगत होते ती संपली होती.

थोड्या वेळाने त्यांनी तो कागद उंबरठ्यावर ठेवला. "न्हानीच्या चुल्याला लाव म्हनावं. ऊन पानी पायजेल मला." हातात आलेला कागद ही पोरगी जाळेल, दुसरं काय करेल, याची त्यांना एवढी खात्री होती. दोन पावलं चालून त्यांनी स्वतः चुल्यात टाकला असता तर मी आज पेन्शन खात बसले नसते.

मी चुल्यासमोर बसले, काटक्या लावल्या आणि जाळायच्या आधी कागद उलगडला. मला नकार स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. रिफ्यूज हा शब्द मी ओळ न् ओळ बोट फिरवून शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. 'रि'ने सुरू होणारा एकच शब्द होता, रिपोर्ट. तो तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, पाटील ज्याला त्याला पौडला रिपोर्ट करायला धाडायचा. त्याच्या वरच्या ओळीत 'सिलेक्टेड' होता. तो मी आधी कधी पाहिला नव्हता. पण 'लेक्ट' माहीत होतं, कलेक्टरमधलं. को म्हणजे एकत्र, लेक्ट म्हणजे वेचणे, ऑर म्हणजे करणारा, सगळं वेचून गोळा करणारा. आणि 'से' सेपरेटमधला, वेगळं. वेगळं वेचलेलं. मी तांदूळ निवडत होते दोन वर्षं. निवडलेलं कशाला म्हणतात ते मला कळलं.

पुढच्या मंगळवारी हजर राहायचं होतं. खाली एक जोडकागद होता, त्यावर नवऱ्याची किंवा पालकाची सही लागणार होती. आणि शेवटी, नाही आलात तर जागा दुसरीला जाईल, असं काहीतरी होतं. 'ट्रान्सफर' एवढा मला लागला, बाकी अंदाजाने घेतलं. पाणी तापवायला मी जुना पंचांगाचा कागद जाळला. कागद पोलक्यात ठेवला. मामंजी उन्हाळ्याच्या दिवसातही कढत पाण्याने अंघोळ करायचे. त्या दिवशी पाणी त्यांना पोळलं, तसं ते ओरडले, आणि मी गार पाण्याचं विसण दिलं नाही.

शनिवारी नवरा आला. दिवेलागणीला शिकवणी सुरू झाली. 'मिट' चालू होता. मिट म्हणजे पाठवणे, पर्मिट, सबमिट, अॅडमिट. नवरा अडकला होता आणि मामंजी छडीकडे हात नेत होते. मी उंबरठ्याशी आले, कागद त्यावर ठेवला आणि बोलले.

"मामंजी, ह्या कागदात रिफ्यूज कुटं हाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "कोन बोललं?"

घरात तिसरं कोणी आल्यासारखं त्यांनी ते विचारलं. मला इतका संताप आला की माझी भीती गेली. "मी बोलले. कलेक्टर तुमीच फोडला व्हता. को म्हंजी एकत्र, लेक्ट म्हंजी येचनं. से म्हंजी येगळं. येगळं येचून काढलीया मला. मंगळवारी या म्हनत्यात. रिफ्यूज न्हाईच त्यात. तुमी खोटं वाचलं."

आत चुलीपाशी आत्याबाईंच्या हातातलं उलथणं थांबलं. मला वाटलं होतं ते कबूल होतील, नाहीतर छडी घेऊन आत येतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी कागद उचलला, खालच्या जोडकागदावर बोट ठेवलं आणि मुलाकडे बघत म्हणाले, "हितं नवऱ्याची सही लागतीया. त्यानं केली तर जावं. मी चार मान्सांत बोललोय, माझी ना न्हाई."

नवरा म्हणाला, "आबा हो म्हनत्याल तर करतो."

"मी ना म्हनलोय का?"

"हो बी कुटं म्हनला?"

दोघांनी तो कागद एकमेकांकडे सरकवला, आणि शेवटी तो परत उंबरठ्यावर आला. मला दोघांचीही चीड आली, पण जास्त नवऱ्याची. मामंजी शत्रू होते, त्यांच्याकडून मी वेगळं काही मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी गोठ्यामागे नवऱ्याला गाठलं आणि सही करा म्हटलं. तो गवताची काडी मोडत उभा राहिला. मग म्हणाला, "दोन वर्सं आत बसून ऐकत व्हतीस. मला मार बसायचा तवा बी ऐकत व्हतीस?"

मी म्हटलं, हो.

"तुला येत व्हतं, तर एकदा तरी हळूच सांगायचं व्हतंस. आतनं. बांगडी वाजवली असतीस तरी मला कळलं असतं."

माझ्या मनात ते कधी आलंच नव्हतं. तो म्हणाला, "मी सही करनार न्हाई," आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेला.

सोमवारी सकाळी मामंजी नदीवर गेले. त्यांची दौत आणि टाक ओसरीवरच्या पेटीत असायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा ओसरीवर जाऊन बसले, त्यांच्या बैठकीवर. जोडकागदावर मोठ्या अक्षरात 'कन्सेंट' छापलेलं होतं. कॉन म्हणजे एकत्र, सेंट म्हणजे वाटणे. दोघांना एकच वाटणे. मी नवऱ्याची सही केली. वहीच्या मागची पानं दोन वर्षं पाहिलेली होती, हात अडखळला नाही. शेवटच्या अक्षराचा फराटासुद्धा बरोबर उतरला. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नसतं. तोंडाने मी घेतलं नाही. मी इंग्रजीत कुठे तरी उपयोगाचं असं लिहिलेलं पहिलं अक्षर ते, आणि ते खोटं होतं. मामंजींनी खोटं वाचलं, मी खोटं लिहिलं. त्या घरात इंग्रजीचा दुसरा उपयोग कुणी मला दाखवलाही नव्हता.

ते आल्यावर मी कागद उंबरठ्यावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सही बघितली. ती सही त्यांनीच त्याला गिरवायला लावली होती. एकेक शब्द उसवून बघणारा माणूस, त्याला ती सही उसवता आली नाही.

"कवा केली त्यानं?"

"जाताना," मी म्हटलं.

ते खाली बसले. चेहरा पडला होता. मला वाटलं, हरले म्हणून. मग आत्याबाईंना म्हणाले, "जा म्हनावं," आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी दुपारच्या गाडीने मारुंजीला आणि मंगळवारी वडिलांबरोबर पुण्याला गेले.

पुढचं मला आत्याबाईंनी सांगितलं. शनिवारी नवरा आला, मी नाही हे बघितलं, विचारलं. आत्याबाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं, "आबांनीच धाडली." त्यावर तो काही बोलला नाही. मामंजीही काही बोलले नाहीत. बापाला वाटलं, पोराने मला न विचारता सही केली. पोराला वाटलं, मी नाही म्हटलं तरी बापाने मला खड्यासारखं बाजूला काढून माझ्या बायकोला धाडलं. दोघांपैकी एकाने एकदा तोंड उघडलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी फरफटत परत आले असते. पण त्या घरात बाप-लेकांचं बोलणं म्हणजे फक्त शब्दांची फोड, आणि ती त्या शनिवारपासून बंद पडली. नवरा परत मॅट्रिकला बसला नाही. शेवटपर्यंत मदतनीसच राहिला.

ट्रेनिंग संपवून मी नांद्याच्या शाळेत लागले, तिथेच खोली घेतली आणि रविवारी घरी जायची. पगार घरी येऊ लागला तशा आत्याबाई मला चहा आयता देऊ लागल्या. नवरा माझ्याशी बरा वागला. तो चांगला माणूस होता, फक्त आबांचं नाव निघालं की उठून जायचा. आबांच्या समोर जेवायलासुद्धा बसायचा नाही. मी हे सगळं बघत होते. सुरुवातीची काही वर्षं मला त्यात समाधान होतं, खोटं सांगत नाही. छडी मारली होती, आता भोगा, असं वाटायचं.

सात-आठ वर्षांनी मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं थोडं जड झालं होतं, पण कळत होतं. मी सुट्टी टाकून गेले होते. तोंडात पेज भरवत असताना त्यांनी माझा हात थांबवला.

"ह्यो माझा पोरगा जलमभर मला भ्याला," ते म्हणाले. "एकदाच न्हाई भ्याला. तुझ्या कागदावर सही केली त्यानं, मला न इचारता. मी लई राग धरला तवा. पर आत कुटंतरी म्हनलं, हाय, पोरात दम हाय. मी उगीच हानत व्हतो त्याला. तेवढं सांग त्याला. मला न्हाई जमत."

मी मान हलवली. वाटीतली पेज संपवली. त्या आठवड्यात ते गेले.

आबांचा हा निरोप पोचवायचा म्हणजे आधी माझ्या नवऱ्याला "कुठली सही?" हा प्रश्न पडणार. मग सगळं निघणार, माझी नोकरी, माझं खोटं, आणि ज्या एका गोष्टीसाठी बापाने त्याला मानलं ती त्याने केलीच नव्हती हेही निघणार. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण पहिलंच होतं, माझी नोकरी. मला भीती वाटली. आज सांगू, उद्या सांगू, मुलं झाली, मी हेडमास्तरीण झाले, रिटायर झाले. एकदा तो पेपर वाचत असताना मी, "आबा जाताना म्हणत होते," एवढं म्हटलं. त्याने पेपर खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

आमचे हे जाऊन आता चार वर्षं झाली. गेले तेव्हाही ते आबांवर रागावलेलेच होते.